उत्तरेकडची थंड वनं, टुंड्रा आणि हिमाचं पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तर ध्रुवाभोवतीच्या प्रदेशात वर्षातले सहा ते नऊ महिने पाणी जमिनीवर नुसतं पडून असतं. आकाशातून किती हिम पडलं हा आकडा सगळे विचारतात. तिथल्या नद्या, दलदली आणि झाडं मात्र ते हिम कुठे टिकलं, कधी वितळलं आणि खालच्या जमिनीने त्याला वाट दिली की नाही, यावर चालतात. खालची उत्तरं त्याच अंगाने दिली आहेत. पडतं ते हिम आणि पाणी गोठून होतो तो बर्फ, एवढा फरक सगळीकडे पाळला आहे.

हा प्रदेश नेमका कुठला?

अलास्का, कॅनडा, स्कँडिनेव्हिया आणि सायबेरिया यांतून जाणारा सूचिपर्णी वनांचा पट्टा, म्हणजे तैगा, आणि त्याच्या उत्तरेला झाडं संपतात तिथून सुरू होणारा टुंड्रा. कॅनडाच्या वनात स्प्रूस आणि पाइन जास्त, पूर्व सायबेरियात लार्च. उत्तरेकडे जावं तशी झाडं खुजी आणि विरळ होत जातात. ज्या रेषेपलीकडे जुलैचं सरासरी तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली राहतं, साधारण तिथे झाडांची हद्द संपते. पुढे झुडपं, गवत, शेवाळ आणि दगडफूल.

टुंड्रात वर्षाला जेमतेम १५० ते ३०० मिलिमीटर पाणी पडतं म्हणतात. मग तिथे एवढी दलदल कशी?

कारण आलेलं पाणी जात नाही. उन्हाळा छोटा आणि गार, त्यामुळे बाष्पीभवन कमी. खाली गोठलेली जमीन, त्यामुळे खोल झिरपायला वाव नाही. त्यातून बराचसा भाग सपाट. वर्षभराच्या पाण्यातला मोठा वाटा हिमाच्या रूपात साठून राहतो आणि दोन-तीन आठवड्यांत एकदम मोकळा होतो. पावसाच्या आकड्यावरून या प्रदेशाला वाळवंट म्हणायची पद्धत आहे. आकड्यांपुरतं ते बरोबर आहे, पण जूनमध्ये तिथे चालणाऱ्याचे बूट काही कोरडे राहत नाहीत.

हिमाची खोली मोजली की पाणी किती ते कळतं ना?

नाही. इथे बहुतेकांची गल्लत होते. ताज्या, भुसभुशीत हिमाची घनता ५० ते १०० किलोग्रॅम प्रति घनमीटर असते, म्हणजे १० सेंटिमीटर हिमात अर्धा ते एक सेंटिमीटर पाणी. वनात वाऱ्यापासून जपलेलं हिम हिवाळ्याच्या शेवटी २०० च्या आसपास येतं. टुंड्रात वाऱ्याने ठोकून बसवलेलं हिम ३५० किंवा त्याहून जास्त भरतं. आता हिशोब करा. वनात ६० सेंटिमीटर हिम, घनता २००, म्हणजे १२० मिलिमीटर पाणी. टुंड्रात ४० सेंटिमीटर हिम, घनता ३५०, म्हणजे १४० मिलिमीटर. दिसायला उथळ असलेल्या थरात पाणी जास्त निघालं. म्हणून जलशास्त्रात खोलीपेक्षा 'जलतुल्य' मोजतात: सगळं हिम जागच्या जागी वितळवलं तर पाण्याचा थर किती उंचीचा होईल.

मोजायची जुनी आणि अजूनही भरवशाची रीत म्हणजे पोकळ नळी हिमात जमिनीपर्यंत खुपसायची, आतल्या हिमासकट वर काढायची आणि वजन करायचं. एका जागी करून भागत नाही. ठरलेल्या वाटेवर ठरावीक अंतराने तेच करत जावं लागतं.

हवामान केंद्रावरच्या मापकात पडलेलं हिम मोजतातच की. त्यावर विश्वास का ठेवू नये?

ठेवा, पण वारा विचारून ठेवा. मापकाच्या तोंडावरून वारा वर उचलला जातो आणि हलकं हिम त्याच्याबरोबर पुढे निघून जातं. उघड्या जागी सेकंदाला ६ मीटर वारा असेल तर आडोसा नसलेल्या मापकात निम्मं किंवा त्याहूनही जास्त हिम पडतच नाही. यावर उपाय म्हणून मापकाभोवती लाकडी पट्ट्यांची दुहेरी अष्टकोनी कुंपणं घालतात. बाहेरच्या कुंपणाचा व्यास १२ मीटर असतो. जागतिक हवामान संघटनेने तुलनेसाठी हीच रचना प्रमाण मानली. अर्थात प्रत्येक केंद्रावर असं कुंपण घालणं शक्य नाही. त्यामुळे टुंड्रातल्या जुन्या नोंदी वाचताना आकडा कमीच लागलेला आहे असं धरून चालावं.

झाडांवर अडकलेल्या हिमाचं पुढे काय होतं?

स्प्रूसच्या फांद्या आडव्या आणि दाट. हिम पडू लागलं की आधी सुयांच्या, म्हणजे सुईसारख्या पानांच्या, मधल्या फटी बुजतात, मग फांदीवर जाड थर चढतो, वजनाने फांदी वाकते आणि उतार वाढून काही हिम घसरतं. तापमान शून्याच्या जवळ असेल तर हिम चिकट असतं, फांदीला घट्ट बसतं. कडाक्याच्या थंडीत ते कोरडं असतं, पण त्याच थंडीने फांद्याही ताठ होतात आणि जास्त वजन पेलतात. एकूण काय, भर हिवाळ्यात दाट स्प्रूसच्या वनात पडलेल्या हिमापैकी निम्म्याहून जास्त हिम झाडावरच थांबलेलं असू शकतं.

तिथून त्याला तीन वाटा आहेत. ढेकळं होऊन खाली पडणं, वितळून ठिबकणं आणि संप्लवन, म्हणजे द्रवरूप न होता थेट बाष्प होणं. तिसरी वाट लोक हलक्यात घेतात. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. त्याचं थेट बाष्प करायला सुमारे २,८३० किलोज्यूल, जवळजवळ साडेआठ पट. मग गोठवणाऱ्या थंडीत ही उष्णता आणायची कुठून? झाडाच्या गडद सुया ऊन शोषतात, वारा फांद्यांमधून फिरत राहतो, आणि फांदीवरच्या हिमाचा पृष्ठभाग त्याच वजनाच्या जमिनीवरच्या हिमापेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यावर वेळही भरपूर असतो: एकदा अडकलेलं हिम आठवडेच्या आठवडे वर राहतं.

हे मोजायला कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या वनात संशोधकांनी १९९०च्या दशकात एक साधी पण नामी युक्ती केली. अख्खं स्प्रूसचं झाड कापून वनातच वजनमापकाला टांगलं. हिम पडलं की वजन वाढायचं. ढेकूळ सुटलं की एकदम घटायचं. काहीही न पडता वजन हळूहळू कमी होत गेलं तर ते हिम हवेत गेलं असं समजायचं. अशा मोजमापांतून तिथल्या दाट सूचिपर्णी वनात वर्षभरातल्या हिमाचा साधारण एक-तृतीयांश भाग जमिनीला न लागताच परत जातो असं दिसलं. एक-तृतीयांश! पावसाळी प्रदेशाची सवय असलेल्या माणसाला हे पटायला जड जातं, पण नदीत येणारं पाणी आणि पडलेलं हिम यांचा मेळ याशिवाय बसत नाही.

लार्चची गोष्ट वेगळी. तो सूचिपर्णी असूनही शरद ऋतूत सुया गाळतो, त्यामुळे पूर्व सायबेरियाच्या लार्चवनात हिम बरंचसं थेट खाली येतं.

मग झाडं तोडली तर नदीला जास्त पाणी मिळेल?

मोकळ्या केलेल्या जागेत हिम जास्त साठतं, हे खरं. झाडाच्या उंचीच्या काही पट रुंदीच्या जागेत ते सर्वांत जास्त साठतं. जागा त्याहून फारच मोठी झाली तर वारा शिरतो आणि हिम उडवून नेतो. पण साठलेलं हिम तिथे वितळतंही झपाट्याने, आणि सावलीतल्या हिमाबरोबर टप्प्याटप्प्याने येणारं पाणी एकदम येतं. वर्षाची बेरीज वाढली तरी वाढ पुराच्या दिवसांत पडते आणि उन्हाळ्यात ओढा आधीसारखाच कोरडा राहू शकतो. 'जास्त पाणी' असा दावा कोणी केला तर कुठल्या महिन्यात, हे आधी विचारावं.

टुंड्रात वाऱ्याने हिम उडतं. ते जातं कुठे?

जमिनीपासून १० मीटर उंचीवर सेकंदाला ७ ते ८ मीटर वारा लागला की कोरडं हिम हलू लागतं. ओलसर किंवा जुनं घट्ट हिम हलायला वारा आणखी जोराचा लागतो. सुरुवातीला कण पृष्ठभागालगत काही सेंटिमीटर उंचीवरून उड्या मारत जातात. प्रत्येक उडीत खाली आदळताना आणखी कण सुटे होतात. वारा वाढला की बारीक कण तरंगू लागतात आणि कित्येक मीटर उंच पांढरा पडदा तयार होतो. उडणारा प्रत्येक कण चारी बाजूंनी कोरड्या हवेला उघडा असल्याने प्रवासातच त्याचं संप्लवन होत राहतं. म्हणजे वनात जे काम फांद्या करतात ते टुंड्रात वारा करतो.

उरलेलं हिम अडेल तिथे पडतं: ओढ्याच्या घळीत, तळ्याच्या उंच काठाखाली, टेकडीच्या वाऱ्याआडच्या उतारावर, झुडपांच्या रांगेत. कॅनडाच्या वायव्य प्रदेशात इनुविक गावाच्या उत्तरेला ट्रेल व्हॅली क्रीक नावाचं छोटं पाणलोट क्षेत्र आहे. तिथे हा सगळा खेळ अनेक वर्षं मोजला जातो आहे. पठारावर पायाच्या घोट्याइतकं हिम आणि काही पावलांवर घळीत माणूस बुडेल इतकं, असं चित्र तिथे नेहमीचं. अशा ठिकाणी 'सरासरी खोली' हा आकडा जवळपास निरुपयोगी आहे. पठार, उतार, झुडपं, घळ अशी जमीन वाटून प्रत्येक तुकड्याचं हिम वेगळं मोजावं लागतं.

घळींत साठलेल्या या ढिगांचं महत्त्व पुढे कळतं. पठार मे-जूनमध्ये उघडं पडलं तरी ढीग काही ठिकाणी जुलैपर्यंत टिकतात आणि ओढ्याला पाणी पुरवत राहतात. ढिगाच्या खालच्या अंगाला हिरवळीचा अरुंद पट्टा दिसतो तो याच पाण्यावर.

पडलेलं हिम वसंतापर्यंत तसंच पडून राहतं का?

मुळीच नाही. एप्रिलमध्ये टुंड्रात जमिनीपर्यंत खड्डा खणला आणि त्याची एक भिंत फावड्याने सरळ तासली की सगळा हिवाळा थरांत वाचता येतो. वरचा थर वाऱ्याने घट्ट केलेला. बुटाची टाच मारली तरी जेमतेम खूण उमटते, आणि करवतीने कापला तर सरळ कडांची लादी निघते. मध्ये कुठेतरी बोटाच्या नखाइतका पातळ, चकचकीत बर्फाचा पापुद्रा असतो, एखाद्या उबदार दिवसाची खूण. तळाला हात लावला की मात्र हिम हातात राहतच नाही. भरड साखरेसारखे सुटे दाणे घरंगळत खड्ड्यात येतात. भिंगाखाली धरले तर हे दाणे पोकळ पेल्याच्या आकाराचे दिसतात, बाजूंवर पायऱ्यांसारख्या रेघा, काही तर सेंटिमीटरभर लांब.

हे दाणे आकाशातून आलेले नसतात, जागेवरच घडलेले असतात. जमीन शून्याच्या थोडी खाली आणि वर हवा उणे ३० किंवा ४०, अशा वेळी थराच्या तळापासून माथ्यापर्यंत तापमानात मोठा फरक पडतो. तळाजवळच्या कणांतून बाष्प निघतं, वर सरकतं आणि थोड्या गार कणावर पुन्हा गोठतं. एका मीटरला १० अंशांहून जास्त फरक असला की ही घडण जोरात चालते. तळ पोकळ आणि कमजोर होत जातो. चालताना कधी कधी अख्खा पृष्ठभाग 'धप्प' आवाज करून खाली बसतो, तो या थरामुळेच. वनात वाऱ्याचा घट्ट थर नसतो. तिथे अर्ध्याहून जास्त थर अशा सुट्या दाण्यांचाच बनू शकतो.

हिम जमिनीला थंड करतं की ऊब देतं?

हिवाळ्यात ऊब टिकवतं, वसंतात थंड ठेवतं. ताज्या हिमाची किंवा तळच्या सुट्या दाण्यांची उष्णतावाहकता बर्फाच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी भरू शकते, कारण त्यात बहुतांश हवाच असते. अर्ध्या मीटर मऊ हिमाखाली जमीन शून्याच्या खाली काही अंशांवर रेंगाळते, वर उणे ४० असलं तरी. लेमिंग आणि व्होल हे छोटे उंदीरवर्गीय प्राणी सगळा हिवाळा जमीन आणि हिम यांच्या मधल्या फटीत हिंडून काढतात.

यात वेळेला फार किंमत आहे. जाड हिम ऑक्टोबरमध्येच पडलं तर उन्हाळ्याची उष्णता जमिनीत कोंडली जाते आणि ती नीट गोठतच नाही. तेच हिम जानेवारीपर्यंत लांबलं तर जमीन तोवर गारठून गेलेली असते. दोन्ही वर्षी एकूण हिम सारखंच असू शकतं.

तापमान शून्यावर गेलं की हिम वितळायला लागतं, बरोबर?

हवेचं तापमान हा फक्त इशारा आहे. काम करते ती उष्णता. एक चौरस मीटरवर २०० मिलिमीटर पाण्याइतकं, म्हणजे २०० किलो हिम आहे आणि ते उणे २० अंशांवर आहे असं धरू. ते शून्यावर आणायला सुमारे ८ मेगाज्यूल लागतील. शून्यावर आल्यावर वितळवायला जवळपास ६७. म्हणजे खरा खर्च वितळण्यातच आहे.

ही उष्णता बहुतेक उन्हातून येते, पण ताजं हिम ८० ते ९० टक्के ऊन परतवून लावतं. दिवसाला २० मेगाज्यूल ऊन पडलं आणि ८० टक्के परतलं तर हाती ४ उरतात. वितळू लागल्यावर कण मोठे होतात, वर पडलेली धूळ आणि सुया उघड्या पडतात, आणि परावर्तन ५० टक्क्यांपर्यंत येतं. तेवढ्याच उन्हातून आता १० मेगाज्यूल मिळतात, अडीच पट. म्हणून सुरुवातीला काहीच होत नाहीसं वाटतं आणि मग आठवड्यात चित्र पालटतं. टुंड्रात एकदा जमिनीचे ठिपके उघडे पडले की त्यांच्यावर तापलेली हवा शेजारच्या हिमाच्या कडा खात सुटते.

शिवाय पहिलं वितळलेलं पाणी लगेच बाहेर पडत नाही. ते खालच्या गार थरात झिरपून पुन्हा गोठतं आणि गोठताना उष्णता सोडून तो थर गरम करतं. सगळा थर शून्यावर आला आणि कणांच्या मधे मावेल तेवढं पाणी साचलं, की त्यानंतरचं पाणी जमिनीपर्यंत पोचतं.

वनात हिम उशिरा वितळतं, मग झाडाच्या बुंध्याशी आधी खड्डा का पडतो?

सावलीमुळे दाट वनातल्या हिमाला मोकळ्या जागेच्या तुलनेत थोडंच ऊन मिळतं आणि वाराही पडलेला असतो. पण ऊन खाऊन तापलेलं खोड स्वतः अवरक्त किरणं सोडतं. दिसणारा प्रकाश परतवणारं हिम अवरक्त किरणं मात्र जवळजवळ सगळीच शोषून घेतं. त्यामुळे खोडाशी वितळणं आधी सुरू होतं. बुंध्याजवळ मुळात हिमही कमी पडलेलं असतं, कारण वरचं झाड छत्री धरून असतं. दाट वन, विरळ वन आणि मोकळी जागा यांत हिम जाण्याच्या तारखा काही आठवड्यांनी मागेपुढे होतात, आणि नदीच्या दृष्टीने ही फार चांगली गोष्ट आहे.

वितळलेलं पाणी गोठलेल्या जमिनीत मुरतं का?

माझ्या मते या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे, आणि याचं उत्तर गेल्या शरद ऋतूत लिहिलेलं असतं. जमीन गोठली म्हणजे तिची छिद्रं बंद झाली असं नाही. गोठताना ती कोरडी असेल तर छिद्रं रिकामीच राहतात आणि वसंतातलं पाणी आरामात आत जातं. मोठ्या भेगा असतील तर जवळपास सगळंच जातं. पण हिवाळ्याआधी भरपूर पाऊस होऊन जमीन तुडुंब ओली असताना गोठली, तर छिद्रांत बर्फ बसतो आणि तिचा फरसबंदीसारखा थर होतो. मग पाण्याला वाहून जाण्यावाचून मार्ग नाही. या दोन टोकांच्या मधल्या परिस्थितीत थोडं पाणी शिरतं, आत गोठतं आणि मागून येणाऱ्याची वाट अडवतं. दोन वर्षी हिम सारखं, पण एका वर्षी पूर आणि एका वर्षी नुसता ओलावा, याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

टुंड्रात आणखी एक पदर आहे. वर शेवाळ आणि पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा, २०-३० सेंटिमीटरचा थर असतो. त्याचा वरचा भाग इतका सच्छिद्र असतो की पाणी त्यातून आडवं धावतं. खालचा कुजलेला भाग दाट, तिथे पाणी अगदी सावकाश सरकतं. म्हणून उन्हाळ्याच्या सुरुवातीला, जमीन जेमतेम वितभर सुटलेली असताना, थोड्याशा पावसानेही ओढा भरतो. ऑगस्टमध्ये तेवढाच पाऊस जमिनीत गायब होतो.

पर्माफ्रॉस्ट म्हणजे काय, आणि तो किती खोल असतो?

सलग दोन वर्षं शून्य अंश किंवा त्याखाली राहिलेली जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट. त्यात बर्फ असलाच पाहिजे असं नाही. वरचा जो भाग दर उन्हाळ्यात सुटतो आणि हिवाळ्यात गोठतो त्याला सक्रिय थर म्हणतात. तो ३० सेंटिमीटरपासून दोनेक मीटरपर्यंत असतो.

खोलीचा पहिला अंदाज पूर्व सायबेरियातल्या याकुत्स्क शहरात पाण्याच्या शोधातून आला. शेर्गिन नावाच्या व्यापाऱ्याने १८२८मध्ये विहीर खणायला घेतली. १८३७पर्यंत ११६ मीटर खोल गेले, तरी जमीन गोठलेलीच. पाणी काही लागलं नाही, पण १८४०च्या दशकात मिडेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने त्याच विहिरीत वेगवेगळ्या खोलीवर तापमान मोजलं आणि कायम गोठलेल्या जमिनीचा शास्त्रीय अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला. अलास्कात प्रूडो बे इथे हा थर ६०० मीटरहून खोल आहे. दक्षिणेकडच्या वनांत मात्र तो तुकड्यातुकड्यांत, पीटच्या जाड थराखाली किंवा सावलीच्या उतारावर टिकून असतो.

उत्तरेकडच्या नद्यांना वसंतात एवढे मोठे पूर का येतात?

ओब, येनिसेई, लेना, मॅकेंझी, सगळ्या दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतात. वरच्या भागात वसंत आधी येतो, हिम वितळतं, पाणी निघतं. खालच्या भागात नदीवर अजून जाड बर्फ. फुटलेले तुकडे वाहत येऊन वळणावर किंवा उथळ जागी अडकतात आणि बर्फाचं धरणच होतं. मागे पाण्याची पातळी काही तासांत कित्येक मीटर चढू शकते. मे २००१मध्ये लेना नदीवरचं लेन्स्क शहर असंच बुडालं. बर्फ फोडायला विमानांतून बॉम्ब टाकावे लागले होते.

या नद्यांचा पसारा एका आकड्यात सांगायचा तर, जगातल्या महासागरांच्या पाण्यापैकी जेमतेम एक टक्का पाणी आर्क्टिक महासागरात आहे, पण जगातल्या नद्यांचं सुमारे ११ टक्के पाणी त्याला मिळतं.

नदीवरचा बर्फ कधी फुटला याच्या नोंदी लोकांनी हौसेने ठेवल्या. फिनलंड-स्वीडनच्या सीमेवरच्या टोर्ने नदीची नोंद १६९३पासून आहे. अलास्कातल्या नेनाना गावात तानाना नदीचा बर्फ कधी हलेल यावर १९१७पासून पैज लागते. पैशाची बाब असल्याने वेळ मिनिटापर्यंत नोंदवतात, आणि हवामानशास्त्रज्ञांना आयती मालिका मिळाली.

हिवाळ्यात या नद्या पूर्ण गोठतात का?

मोठ्या नद्या बर्फाखाली वाहत राहतात, भूजलावर. छोट्या ओढ्यांचा तळापर्यंत बर्फ होतो. कुठे झऱ्याचं पाणी दाबाने वर येऊन गोठत राहतं आणि थरावर थर चढून नदीच्या पात्रात बर्फाचं मैदान तयार होतं. असे साठे पूर्व सायबेरियातल्या याकुतियात आणि अलास्कात भर उन्हाळ्यापर्यंत टिकतात.

वितळणाऱ्या हिमाचं पहिलं पाणी आम्लधर्मी असतं असं ऐकलंय. खरं आहे?

जिथे हिमात प्रदूषण उतरलेलं आहे तिथे हो. कण मोठे होताना त्यांतले क्षार आणि आम्लं पृष्ठभागाकडे ढकलली जातात, आणि पहिलं पाणी ती धुऊन नेतं. वितळण्याच्या पहिल्या ३० टक्के पाण्याबरोबर हिमातल्या विद्राव्य पदार्थांपैकी निम्म्याहून बराच जास्त भाग निघून जातो, हे नॉर्वेतल्या अभ्यासांनी १९७०च्या दशकातच दाखवलं. ओढ्यातल्या माशांना याचा फटका बसतो.

भर हिवाळ्यात पाऊस पडला तर बिघडलं कुठे?

पाऊस हिमात मुरतो, गोठतो आणि मध्ये किंवा जमिनीवर बर्फाचा थर बनतो. रेनडिअर आणि कॅरिबू खुराने हिम उकरून खालचं दगडफूल खातात. बर्फाच्या थरापुढे खुराचं काही चालत नाही. ऑक्टोबर २००३मध्ये कॅनडाच्या बँक्स बेटावर अशा पावसानंतर सुमारे २०,००० कस्तुरी बैल मेले. नोव्हेंबर २०१३मध्ये रशियाच्या यमाल द्वीपकल्पावर सुमारे ६१,००० रेनडिअर उपासमारीने गेले. तिथले नेनेत्स पशुपालक या कळपांवरच जगतात. पुढच्या अनेक वर्षांची घडी त्या एका पावसाने विस्कटली.

उपग्रह असताना माणसांनी हिमात नळ्या खुपसत फिरायची गरज काय?

हिम आहे की नाही हे उपग्रहाला उत्तम दिसतं. त्यात पाणी किती, इथे तो अडखळतो. सूक्ष्मलहरींवरून अंदाज काढतात, पण सुमारे १५० मिलिमीटर जलतुल्याच्या पुढे संकेत जवळपास थिजतो, हिम वाढलं तरी बदलत नाही, आणि वनात झाडांचाच संकेत मिसळतो. तळच्या मोठ्या दाण्यांमुळेही आकडा फसतो. घळीतला चार मीटरचा ढीग आणि शेजारचं उघडं पठार एकाच चौकटीत आले की हाती येते ती पुन्हा सरासरीच.

तापमानवाढीने आतापर्यंत काय बदललं आहे?

१९७९पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला. आर्क्टिक जमिनीवरचं जून महिन्यातलं हिमाच्छादन १९६७ ते २०१८ या काळात दर दशकाला सुमारे १३ टक्क्यांनी घटलं. भर हिवाळ्यातलं हिम सगळीकडे कमी झालेलं नाही, काही भागांत वाढलंही आहे. आक्रसला तो हंगाम.

टुंड्रात झुडपं वाढत आहेत. झुडूप उडतं हिम अडवतं, जाड हिमाखाली जमीन उबदार राहते, जंतू हिवाळ्यातही काम करतात, पोषण मिळतं आणि झुडूप आणखी वाढतं. वसंतात हिमाच्या वर डोकावणाऱ्या गडद फांद्या वितळणं लवकर सुरू करतात. उलट दिशेने, उन्हाळ्यात त्यांची सावली जमीन गार ठेवते. यातलं कोणतं पारडं जड ठरतं ते जागेवर अवलंबून असतं. सरसकट उत्तर देणाऱ्यापासून सावध राहावं.

पर्माफ्रॉस्ट सुटू लागला की पाण्याच्या वाटाच बदलतात. आधी वरून धावणारं पाणी खोल जातं आणि उत्तरेकडच्या अनेक नद्यांचा हिवाळी प्रवाह वाढल्याचं दिसतं. जिथे जमिनीत बर्फाचा वाटा मोठा होता तिथे जमीन खचते, झाडं वेडीवाकडी कलतात. काही तळी नव्याने होतात, काही तळ फुटून रिकामी होतात. याकुतियातलं बाटागाय इथलं प्रचंड विवर याच प्रकारचं. वन तोडल्यावर १९६०च्या दशकात त्याची सुरुवात झाली आणि ते अजून वाढतं आहे.

वणव्याचा हिमाशी काय संबंध?

जळालेल्या वनात फांद्या नसल्याने हिम जास्त पोचतं, पण सावली गेलेली असते आणि काळ्या खोडांचा भुगा हिमावर पडत राहतो. त्यामुळे ते लवकर वितळतं. शेवाळाचा थरही जळाला असेल तर उन्हाळ्याची उष्णता खोल जाते आणि सक्रिय थर कित्येक वर्षं जाड होत राहतो.

यंदा पूर येईल की नाही हे हिवाळ्याच्या शेवटी सांगता येतं का?

काही अंशी. तीन गोष्टी तोवर ठरलेल्या असतात: पाणलोटात किती जलतुल्य आहे, गेल्या शरद ऋतूत जमीन किती ओली गोठली, आणि नदीवरचा बर्फ किती जाड आहे. या तिन्ही गोष्टी प्रतिकूल असतील तर तयारी सुरू करायला तेवढं पुरेसं आहे. चौथी गोष्ट असते वितळण्याच्या दिवसांतलं हवामान. दिवसा थोडं वितळून रात्री पुन्हा गोठत राहिलं तर भरपूर हिम असूनही पाणी सावकाश निघून जातं आणि नदीचा बर्फ जागेवरच कुजून कमजोर होतो. आठ दिवस रात्रीही तापमान शून्याच्या वर राहिलं आणि वर पाऊस झाला, तर सरासरी हिमाच्या वर्षीही गाव हलवावं लागतं. म्हणून अंदाज देणाऱ्या यंत्रणा हिवाळाअखेर एक शक्यता जाहीर करतात आणि वितळणं सुरू झाल्यावर ती रोज बदलत नेतात.